रोझेशिया: तीन आठवडे मलम लावतेय, फरक शून्य. पुढे काय?

खडूफळा:

नमस्कार मंडळी. वय ४३, शाळेत गणित शिकवते. गेल्या महिन्यात स्किनच्या डॉक्टरांनी रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली, आग आणि पुटकुळ्या आणणारा चिवट त्वचारोग, असल्याचं सांगितलं. त्याआधी तीन वर्षं मी त्याला मुरूम समजत होते. आणि मी एकटीच नाही, ज्यांना ज्यांना चेहरा दाखवला ते सगळेच.

त्रास नाक, दोन्ही गाल आणि हनुवटीच्या मधोमध. आधी चेहरा तापतो, मग चरचरतो, आणि दोन दिवसांनी बारीक पुटकुळ्या उठतात, काहींत पू. माझा रंग सावळा. त्यामुळे नेटवरच्या फोटोंत दिसतात तसे लालबुंद गाल माझे कधी दिसलेच नाहीत. दिसतो तो तांबूस-काळपट पट्टा, कुणी ओल्या हाताने गेरू पुसावा तसा. आग मात्र खरी. मुरूम म्हणून बेन्झॉइल पेरॉक्साइड लावलं, सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश वापरला, दाणेदार स्क्रबने घासलं. प्रत्येक उपायाने आगीत तेल.

मग ओळखीतल्या एकीने एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा असा झाला की मीच आरशासमोरून हलेना. सात महिने लावली. ट्यूब संपली, दुसरी आणायला चार दिवस उशीर झाला आणि पाचव्या दिवशी चेहरा इतका भडकला की वर्गावर जायची लाज वाटली.

आताच्या डॉक्टरांनी एक गंमत केली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती काचपट्टी घेऊन माझ्या गालावर दाबली. काचेखालचा तांबूस रंग उडाला, काच उचलल्यावर दोन सेकंदांत परत आला. म्हणाल्या, "हा डाग नाही, हे रक्त आहे." मग भिंगाचा दिवा लावून बराच वेळ ब्लॅकहेड्स शोधले, एकही सापडला नाही. तेवढ्यावर मुरूम बाद.

सध्या: ती ट्यूब बंद, मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के जेल दिवसातून दोनदा, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, सनस्क्रीन. आज तीन आठवडे झाले. काडीचा फरक नाही, उलट ट्यूबवर असताना बरी होते असं वाटतंय. परवा फळ्यावर वर्तुळ काढून वळले तर सहावीतला एक मुलगा हळूच विचारतो, "बाई, आमच्यावर चिडलात का?" मी चिडलेली नव्हते हो.

औषध बदलून मागू का? आयव्हरमेक्टिनचं मलम जास्त चांगलं म्हणतात. लेझर कुणी केलाय का? आणि हा कायमचा जातो का? खरं काय ते सांगा, धीर नंतर द्या.

सहजच:

ताई, पोट साफ ठेवा, सगळं पोटातून येतं. चेहऱ्याला रोज वाफ घ्या, रंध्रं मोकळी होतात. केमिकल्स बंद करा. माझ्या पुतणीचे मुरूम महिन्यात गेले.

भट्टीवाला:

सहजच, राग मानू नका, पण वाफ तेवढी मागे घ्या. रोझेशियाच्या माणसाला वाफ घ्यायला सांगणं म्हणजे भाजलेल्याला शेकायला सांगणं. पुतणीला मुरूम होते, बाईंना ते नाहीत. डॉक्टरांनी काचपट्टी उगाच दाबली नाही.

खडूफळा ताई, मी ५४ वर्षांचा. मातीची भांडी करतो, म्हणजे १२०० अंशांच्या भट्टीच्या दारात उभं राहणं हा धंदा. रोझेशियाला अकरा वर्षं झाली. तुम्ही धीर नको म्हणालात म्हणून सरळ सांगतो: कायमचा जात नाही. आटोक्यात येतो, आणि इतका येतो की महिनोन्‌महिने आठवण राहत नाही. पण "गेला" म्हणून औषध टाकून दिलं की परत येतो. मी तीनदा टाकून पाहिलंय.

आता तीन आठवड्यांचं. मेट्रोनिडाझोल काय, आयव्हरमेक्टिन काय, खरा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी कळतो, आयव्हरमेक्टिनला तर सोळा आठवडे देतात. तिसऱ्या आठवड्यात मीही डॉक्टरांना फोन करून भांडलो होतो. त्यात तुमच्यामागे ती ट्यूब आहे. तिचा हिशेब वेगळा, जाणकार सांगतीलच, पण तुम्हाला आत्ता जे दिसतंय त्यात रोझेशिया किती आणि ट्यूब सुटल्याचा भडका किती हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. अशात औषध बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळायचं नाही.

आणि "कोणतं औषध चांगलं" हा प्रश्न मी पहिली चार वर्षं सगळ्यांना विचारत फिरलो. प्रश्नच चुकीचा होता. कशावर चांगलं, असं विचारायला हवं. २००२ साली अमेरिकेतल्या नॅशनल रोझेशिया सोसायटीच्या तज्ज्ञ समितीने या रोगाचे चार उपप्रकार पाडले होते. मग लक्षात आलं की माणसं त्या चार कप्प्यांत बसत नाहीत, एकाच चेहऱ्यावर दोन-तीन कप्पे सापडतात. २०१७ मध्ये ती मांडणी सोडली आणि समोरच्या चेहऱ्यावर काय काय दिसतंय ते एकेक नोंदवून त्या त्या गोष्टीवर उपचार, असं ठरलं. मी हे वाचलं त्या दिवशी कागदावर माझाच चेहरा काढला (नाक वाईट आलं, असू दे) आणि कुठे काय आहे ते लिहिलं. पुटकुळ्या: गाल. कायमची लाली: नाक आणि गाल. येऊन जाणारा भडका: कपाळापर्यंत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा: नाकपुड्यांच्या कडेला. मग कळलं की माझं मलम पुटकुळ्यांचं काम चोख करत होतं आणि मी शिरा जात नाहीत म्हणून त्याला शिव्या देत होतो. शिरा कुठल्याच मलमाने जात नाहीत.

तर पुटकुळ्यांवर: मेट्रोनिडाझोल सगळ्यांत जुनं आणि सौम्य. मला चार महिन्यांत निम्म्या गेल्या, निम्म्या राहिल्या. पुढे आयव्हरमेक्टिन १ टक्का, रात्री एकदा. हे २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा जरा जास्तच बिघडला, मग उतार पडत गेला. हे मलम डेमोडेक्स नावाच्या जीवावर चालतं. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला, मिलिमीटरच्या एक तृतीयांश लांबीचा, केसाच्या मुळाशी राहतो. घाबरू नका, तो बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो. आपल्या चेहऱ्यावर त्याची वस्ती दाट होते इतकंच. शिवाय हे मलम दाहही कमी करतं. माझ्या बायकोने हे ऐकून दोन दिवस उशी वेगळी घेतली होती.

मधल्या काळात ॲझेलिक ॲसिड १५ टक्के जेल लावून पाहिलं. औषध चांगलं, पण पहिले दहा दिवस गालांना मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मी सोडलं. तुम्ही मात्र डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. सावळ्या चेहऱ्यावर पुटकुळी गेल्यावर जो काळा डाग मागे राहतो तो त्याने फिका होतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. गरोदरपणातही बहुधा तेच देतात, कारण डॉक्सिसायक्लिन तेव्हा चालत नाही. मला नंतर कुणीतरी युक्ती सांगितली: तोंड धुतल्यावर दहा मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आधी मॉइश्चरायझर, त्यावर जेल. झोंबणं बरंच कमी होतं. मला हे दोन वर्षं आधी कळायला हवं होतं.

लालीवर: ब्रिमोनिडाइनचं जेल मिळतं. मूळ औषध काचबिंदूच्या थेंबांतलं. रक्तवाहिन्या आकसतात, अर्ध्या तासात लाली उतरू लागते आणि परिणाम बारा तासांपर्यंत टिकू शकतो. माझ्या भांड्यांचं प्रदर्शन होतं, सकाळी लावलं. दहा वाजता मी इतका पांढराफटक दिसत होतो की दोघांनी तब्येत विचारली. संध्याकाळी सहाला जी लाली उलटली ती आधीच्या दुप्पट, गळ्यापर्यंत. सगळ्यांना असं होत नाही, पण होतं त्यांना होतंच. त्यामुळे पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, गालाच्या छोट्या भागावर लावून बघा, समारंभाच्या दिवशी नाही. त्याचाच भाऊबंद ऑक्सिमेटाझोलिन, नाक चोंदल्यावर मारायच्या स्प्रेतलं औषध, त्याचं १ टक्का क्रीम २०१७ ला आलं. दोन्ही फक्त तेवढ्या तासांपुरती. रोग तिथेच.

भडक्यावर औषधापेक्षा वही कामाची. मी तीन महिने लिहीत होतो: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, कुठे होतो, मूड काय. यादीत सगळं असतं, ऊन, गरम पाण्याची अंघोळ, तिखट, दारू, वारा, राग. पण प्रत्येकाचे दोन-तीनच खरे शत्रू असतात. माझे निघाले भट्टी आणि कढत पेय. कॉफी मी उगाच वर्षभर सोडली होती, तिचा दोष नव्हता, तिच्या तापमानाचा होता. आता निवू देतो आणि पितो. भट्टीचं दार पूर्ण निवल्याशिवाय उघडत नाही, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत काचेची ढाल, मानेवर ओलं फडकं आणि तोंडात बर्फाचा खडा. बर्फ चेहऱ्यावर नाही, तोंडात. भडका येतोय असं वाटलं की लगेच. हसू नका, करून बघा, वर्गात सुद्धा जमेल. मुलांना खडीसाखर वाटेल.

लेझरचं उद्या लिहितो, चाकावर माती वाट बघतेय.

काउंटरमागून:

मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. खडूफळा, त्या ट्यूबचं खोकं किंवा रिकामी ट्यूब असेल तर मागचं बारीक अक्षर वाचून इथे लिहाल? ब्रँडचं नाव नको, फक्त घटक.

आणि डॉक्सिसायक्लिन घेताय म्हणून: भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, आणि मी असे दोन लोक पाहिलेत ज्यांना वाटलं हार्ट अटॅक आला. दूध, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पोटातच बांधली जाते. उन्हात त्वचा लवकर भाजते.

तुमचा डोस किती आहे? रोझेशियासाठी ४० मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी कॅप्सूल २००६ पासून आहे. ती जंतू मारण्याइतकी नसतेच, मुद्दाम तेवढी कमी ठेवलेली. दाह घडवणारी साखळी तोडायला ती पुरते, आणि अँटिबायोटिकला जंतू सरावण्याचा प्रश्नही येत नाही. ती मिळत नाही तिथे डॉक्टर ५० किंवा १०० देतात, काही आठवड्यांसाठी. कोणतीही असो, स्वतःहून वाढवू-घटवू नका.

खडूफळा:

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. भट्टीवाला, तुम्हाला एक विद्यार्थिनी मिळाली, वही आजपासून. डोस १०० आहे, सहा आठवडे सांगितलाय.

ट्यूब कपाटात सापडली. चष्मा लावून, वर मोबाइलचा दिवा धरून वाचलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन फ्युरोएट. हे काय आहे?

सहजच, तुमच्यावर राग नाही, पण वाफ मी आधीच घेऊन बसले होते. म्हणूनच तर.

काउंटरमागून:

शंका होती तेच. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं. ट्रेटिनॉइन त्वचेची सालं काढतं. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड, आणि आठ दिवसांत चेहरा आरशासारखा झाला ती करामत त्याची. हे मिश्रण वांगावर, ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. सात महिने नाही, आणि रोझेशियावर तर नाहीच.

स्टिरॉइडने दाह दबतो, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून छान वाटतं. आतून त्वचा पातळ होत जाते, वाहिन्या सैल पडतात. बंद केलं की दबलेलं सगळं एकदम वर येतं: आग, सूज, पुटकुळ्यांचा पूर. लोक घाबरून परत ट्यूब लावतात, तास-दोन तासांत थंडावा, आणि चक्र सुरू. स्टिरॉइडने नव्याने रोझेशियासारखा आजार होतो आणि मुळातला असला तर चिघळतो. हे उतरायला आठवडे लागतात, कधी महिने. तुमच्या डॉक्टरांना ही तीन नावं जशीच्या तशी दाखवा. काही वेळा ते स्टिरॉइड एकदम न तोडता सौम्य करत आणतात, काही वेळा टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉइडचं मलम मधल्या काळापुरतं देतात. तो निर्णय त्यांचा.

पुढे कुणी ट्यूब दिली तर मागे बघा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं काही दिसलं तर चेहऱ्याला लावायच्या आधी डॉक्टर.

ट्यूबवर असताना बरी होते, हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो.

खडूफळा:

वाचून पोटात गोळा आला. बरं झालं विचारलं. उद्याच फोटो काढून डॉक्टरांना पाठवते.

एक बारीकसं: वही लिहायला घेतली तर पहिल्याच पानावर तीनदा "डोळे खुपतात" असं लिहिलंय. सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसभर वाळू गेल्यासारखं, संध्याकाळी वाचताना अक्षर पुसट होतं, डोळे मिटून उघडले की नीट. मी हे खडूच्या भुकटीवर ढकललं होतं, वीस वर्षं खडू हातात आहे म्हणून. याचा काही संबंध असेल का, की मी आता सगळंच रोझेशियाला चिकटवतेय?

उघडझाप:

संबंध आहे, आणि हे तुम्ही सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. मी एरवी नुसतं वाचते, लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही.

मला रोझेशिया डोळ्यांतच आधी झाला, चेहऱ्यावर दोन वर्षांनी आला. तोवर ॲलर्जी, कोरडे डोळे, चष्म्याचा नंबर, सगळं झालं. चार वेगवेगळे थेंब टाकले. रांजणवाडी यायची, बरी व्हायची, दुसऱ्या पापणीवर यायची. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, अश्रू लगेच उडून जाऊ नयेत म्हणून. रोझेशियात त्या तुंबतात. तेल येत नाही, अश्रू टिकत नाहीत, म्हणून वाळू आणि पुसट अक्षर. भिंगातून माझ्या पापणीवर डॉक्टरांनी दाबलं तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं बाहेर आलं, ते त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं. तीन रात्री ते डोळ्यांसमोरून हललं नाही.

मी काय करते: स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं, गार झालं की पुन्हा. (हो, इथे उष्णता चालते, पण फक्त पापण्यांवर. गालांवर ओघळू देऊ नका, भट्टीवाले दादा ओरडतील.) मग बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज, मग पापण्यांची कड पुसून घेणं, मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. रोज. दात घासण्याइतकं कंटाळवाणं आहे. तुमची डॉक्सिसायक्लिन डोळ्यांनाही उपयोगी पडते. त्याने भागलं नाही तर सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात, मला वर्षभर लागले.

स्किनच्या डॉक्टरांना सांगाच, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेगळं जा आणि दारातच रोझेशिया आहे म्हणून सांगा. डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा नजर मिटून-उघडून सुद्धा साफ होईना, तर त्याच दिवशी. बुबुळावर जखम होऊ शकते.

खडूवर आळ घेतलात, खडू बिचारा.

भट्टीवाला:

उघडझाप, हे मलाही नवीन. अकरा वर्षांत डोळ्यांचं मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भट्टीच्या धुरावर ढकललं होतं. आम्ही दोघे सारखेच निघालो.

लेझरचं कबूल केलं होतं ते: माझ्या नाकाच्या शिरा पल्स्ड डाय लेझरने गेल्या, ५९५ नॅनोमीटरचा. त्याचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, वाहिनी आतून तापून बंद होते. गालावर रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. पहिल्या वेळी जांभळे वण उठले, दहा दिवस राहिले. महिन्याच्या अंतराने तीन बैठका. शिरा साफ, लाली साधारण अर्ध्यावर. पुटकुळ्यांना काही फरक नाही, ते त्याचं कामच नव्हे. पाच वर्षांनी दोन शिरा नवीन आल्यात.

पण माझी कातडी गोरी आहे. तुम्ही सावळी म्हणालात, म्हणून माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही.

दुसरी_बाजू:

मला बोलायचंय यावर. मी गडद सावळी. तीन वर्षांपूर्वी लालीसाठी आयपीएल केलं, म्हणजे लेझरसारखाच तीव्र प्रकाशाच्या झोतांचा उपचार. करणाऱ्याने कातडीच्या रंगाबद्दल एक प्रश्न विचारला नाही, छोट्या जागी आधी करून पाहणं वगैरे काही नाही. दोन्ही गालांवर चौकोनी काळे ठसे उमटले, अगदी यंत्राच्या तोंडाच्या मापाचे. पुसट व्हायला अकरा महिने लागले. लाली कुणाला दिसत नव्हती, चौकोन सगळ्यांना दिसले.

नंतरच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. तो प्रकाश नुसतं रक्त शोषत नाही, कातडीला रंग देणारं मेलॅनिनही शोषतं. रंग जितका गडद तितका प्रकाश वरच अडतो आणि तिथेच भाजतं. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, खोल जातो, म्हणून आमच्यासारख्यांना त्यातल्या त्यात बरा. पण तोही कानापुढच्या छोट्या जागी आधी करून, महिनाभर वाट बघून. आणि चेहरा भडकलेला असताना तर नाहीच, स्टिरॉइड नुकतं सुटलेलं असताना अजिबात नाही.

मी पुढे काही केलं नाही. ॲझेलिक ॲसिड आणि सनस्क्रीन, बस. लेझर वाईट असं म्हणत नाही. घाई वाईट.

नाकसमोर:

विषय निघालाच आहे तर नाकाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे बारा वर्षं कुणी बोललं नाही. वडिलांचं नाक हळूहळू जाड, ओबडधोबड होत गेलं. लोक पाठीमागे म्हणायचे, पितात वाटतं. वडिलांनी आयुष्यात थेंब चाखला नाही. त्यांनी लग्नकार्याला जाणं सोडलं, आम्ही ते वयावर घातलं. हा रोझेशियाचाच भाग असतो, रायनोफायमा म्हणतात, पुरुषांत जास्त. दारूने भडका येऊ शकतो, पण नाक असं व्हायला दारू लागत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायोचं म्हाताऱ्या आजोबाचं आणि नातवाचं एक चित्र आहे, १४९० च्या सुमाराचं. आजोबाचं नाक थेट वडिलांचं. नातू कसा बघतोय त्या नाकाकडे, ते एकदा शोधून बघा.

सुरुवातीला असतं तेव्हा कमी डोसचं आयसोट्रेटिनॉइन देतात, वाढ रोखायला. वडिलांचं त्यापलीकडे गेलेलं होतं. कार्बन डायऑक्साइड लेझरने जास्तीचा भाग थराथराने उतरवला, भूल फक्त नाकापुरती. तीन आठवडे मलमपट्टी. वय तेव्हा ७१. आमच्या मनात कायम एकच, आधी का नाही नेलं.

(आयसोट्रेटिनॉइन गर्भाला फार घातक, बायकांनी ते लक्षात ठेवूनच डॉक्टरांशी बोलावं.)

खडूफळा:

पाच आठवड्यांनी परत येतेय. कळवायचं राहून गेलं, परीक्षा होत्या.

तीन नावं डॉक्टरांना दाखवली. त्या चिडल्या, माझ्यावर नाही, ट्यूबवर. दुसऱ्या आठवड्यापर्यंत चेहरा आणखी वाईट होता, दोन दिवस रजा घेतली. मग आग आधी कमी झाली. पुटकुळ्या आता मोजण्याइतक्या: आज सकाळी सात. डॉक्सिसायक्लिन थांबवली, मेट्रोनिडाझोल चालू, ॲझेलिक सुरू करायचं ठरलंय. लेझर सहा महिने तरी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उघडझाप म्हणाल्या तेच सांगितलं, ग्रंथी तुंबल्यात. शेक सुरू. टूथपेस्ट मलाही दाखवली, मी डोळे मिटले, तर म्हणाले, मिटू नका हो, तपासतोय.

वहीतले माझे शत्रू: दुपारचा खिडकीतला उन्हाचा पट्टा, जो बरोबर माझ्या टेबलावर पडतो, आणि अंघोळीचं पाणी. तिखटाचं काही नाही निघालं. टेबल सरकवलं.

आता एकच अडचण. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन सांगितलंय, बाकीची झोंबतात. हे झोंबत नाही, पण लावलं की मी फळा पुसून आल्यासारखी दिसते. राखाडी-पांढरी. रोज कसं लावायचं?

भट्टीवाला:

ताई, सात ऐकून बरं वाटलं.

झिंकचं सनस्क्रीन रंगीत घ्या, टिंटेड म्हणतात ते. त्यात आयर्न ऑक्साइड घातलेलं असतं. म्हणजे गेरू, ताई. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये गेरू लिहिलात तेव्हाच मला सांगायचं होतं. आम्ही भांड्याला लाल-तपकिरी रंग त्यानेच देतो, पिवळं, लाल आणि काळं, तीन ऑक्साइड कमी-जास्त मिसळून पाहिजे ती छटा. सनस्क्रीनवालेही तेच करतात. राखाडीपणा जातो, लालीही जरा झाकते. शिवाय पुटकुळ्यांचे काळे डाग नुसत्या उन्हाने नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइडच लागतं, नुसतं झिंक पुरत नाही.

छटा निवडताना हातावर लावून बघू नका, हाताचा रंग वेगळा असतो. गालावर लावा, खिडकीशी जा (टेबल सरकवलंय ती नको), दहा मिनिटांनी बघा. सुकल्यावर रंग बदलतो. मातीचाही बदलतो. एका छटेने जमलं नाही तर दोन मिसळा, पण एसपीएफ दोन्हींचा ३० च्या वर असू द्या.

दुसरी_बाजू:

+१. आणि बोटांनी थापून लावा, चोळू नका. चोळलं की झिंकच्या गुठळ्या होतात आणि गालही तापतात.